सेल्समन, सैनिक, वकील, शेतकरी: साधा माणूस शोकांतिकेचा नायक कसा झाला?

कर्जात बुडालेला शेतकरी. पन्नाशीत नोकरी गेलेला माणूस. मुलांनी घराबाहेर काढलेले आईवडील. अशी एखादी बातमी मोबाइलवर आली की ती पुढे पाठवताना आपण वर लिहितो, ‘केवढी ही शोकांतिका!’

या वाक्यात आज कुणालाच काही खटकत नाही. पण साहित्याच्या इतिहासात सुमारे दोन हजार वर्षं यातल्या एकाही माणसाला शोकांतिकेचं मुख्य पात्र होण्याचा मान मिळत नव्हता. तो मान राजांचा, सेनापतींचा, राजघराण्यांचा. नोकर, शेतकरी, दुकानदार नाटकात यायचे ते बहुतेक निरोप घेऊन किंवा हशा पिकवायला. साध्या माणसाचं दुःख वाईट वाटण्यासारखं असेल, पण ते ‘थोर’ नाही, असं धरून चाललं होतं.

ही समजूत कशी मोडली, कुणी मोडली आणि ती मोडू नये म्हणून कुणी काय युक्तिवाद केला, याची ही गोष्ट. तिच्या मध्यभागी आहे न्यूयॉर्कच्या रंगमंचावरचा एक थकलेला फिरता विक्रेता.

जुनी व्याख्या काय होती?

शोकांतिकेबद्दलचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात प्रभावी ग्रंथ म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलचा ‘पोएटिक्स’. तो इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातला. त्याच्या डोळ्यांसमोर सोफोक्लिसचं ‘राजा इडिपस’ हे नाटक होतं. थीब्जचा राजा इडिपस नगरावर आलेल्या रोगराईचं कारण शोधायला निघतो आणि शेवटी कळतं की कारण तो स्वतःच आहे. नकळत त्याने वडिलांना मारलेलं आहे आणि आईशी लग्न केलेलं आहे.

अ‍ॅरिस्टॉटलने सांगितलेल्या गोष्टी थोडक्यात अशा. नायक पूर्ण सद्गुणी नसावा, पूर्ण दुष्टही नसावा. त्याच्या हातून एक मोठी चूक घडावी. चांगल्या स्थितीतून तो वाईट स्थितीत यावा. या उलथापालथीत त्याला काहीतरी सत्य कळावं. हे पाहताना प्रेक्षकाच्या मनात करुणा आणि भीती जागी व्हावी आणि त्या भावनांचं विरेचन व्हावं, म्हणजे निचरा व्हावा.

यातच एक अट अशी होती की नायक नावाजलेल्या, वैभवशाली घराण्यातला असावा. पुढे युरोपातल्या पंडितांनी ही अट जवळजवळ कायद्यासारखी पक्की केली. त्यामागे एक तर्क होता. जो उंचावर आहे तो पडला तर आवाज मोठा होतो. राजा पडला की राज्य हलतं. कारकून पडला तर फार तर एक घर हलतं.

खरं तर वरच्या यादीत राजवाड्याशिवाय अडेल असं फारसं काही नाही. चूक कुणाच्याही हातून होते. दैव कुणाचंही फिरतं. उशिरा शहाणपण येणं हा काही फक्त राजांचा अनुभव नाही. हे लेखकांच्या लक्षात यायला मात्र बराच काळ जावा लागला.

भिंतीला पहिला तडा

1731 मध्ये लंडनमध्ये जॉर्ज लिलो याचं ‘द लंडन मर्चंट’ हे नाटक आलं. त्याचा नायक व्यापाऱ्याकडे काम शिकणारा एक उमेदवार पोरगा. एका बाईच्या नादी लागून तो मालकाचे पैसे चोरतो, चुलत्याचा खून करतो आणि फाशी जातो. आज हे नाटक उपदेशाने भरलेलं वाटतं, पण त्या काळात ते भलतंच गाजलं. शहरात पैसा कमावलेला व्यापारी वर्ग आता तिकीट काढून नाटकाला येत होता आणि त्याला रंगमंचावर आपल्यासारखी माणसं बघायची होती. जर्मनीत लेसिंगने 1755 मध्ये ‘मिस सारा सॅम्पसन’ लिहून हीच वाट पुढे नेली. अशा नाटकांना पुढे ‘मध्यमवर्गीय शोकांतिका’ हे नाव पडलं.

मध्यमवर्गाच्याही खाली उतरण्याचं धाडस केलं जर्मन लेखक गेओर्ग ब्यूखनर याने. त्याचा ‘वॉयझेक’ हा साधा शिपाईगडी. बाई आणि मूल पोसायला पगार पुरत नाही म्हणून तो कॅप्टनची दाढी करतो आणि डॉक्टरच्या प्रयोगासाठी पैसे घेऊन फक्त वाटाण्यावर राहतो. कॅप्टन त्याला नीतीचे धडे देतो, डॉक्टर त्याच्याकडे प्रयोगातल्या जनावरासारखं बघतो आणि बायकोसारखी असलेली मारी दुसऱ्याकडे ओढली जाते. शेवटी त्याच्या हातून तिचा खून होतो. ब्यूखनरने हे एका खऱ्या खटल्यावरून घेतलं होतं. खऱ्या वॉयझेकला 1824 मध्ये लाइपझिग शहरात जाहीर शिरच्छेदाची शिक्षा झाली होती आणि त्याचं मन ठिकाणावर होतं का, यावर बराच वाद झाला होता.

ब्यूखनर 1837 मध्ये, वयाच्या अवघ्या 23 व्या वर्षी गेला. नाटक अपुरंच राहिलं. ते छापलं गेलं 1879 मध्ये आणि रंगमंचावर आलं 1913 मध्ये. म्हणजे एका गरीब सैनिकाची शोकांतिका बघायला जगाला सुमारे पाऊणशे वर्षं लागली.

दरम्यान कथा-कादंबऱ्यांनी वेग घेतला होता. रशियात गोगोलच्या 1842 सालच्या ‘ओव्हरकोट’ या कथेत एक गरीब कारकून पोटाला चिमटा घेऊन नवा कोट शिवतो. तो कोट चोरीला जातो आणि त्या धक्क्यातून तो सावरत नाही. नॉर्वेच्या इब्सेनने ‘डॉल्स हाउस’ (1879) आणि ‘गोस्ट्स’ (1881) या नाटकांत चार भिंतींचा दिवाणखाना हीच रणभूमी केली. इंग्लंडमध्ये थॉमस हार्डीने ‘टेस’ (1891) या कादंबरीत गरीब घरातल्या एका मुलीला ती जागा दिली, जी पूर्वी राण्यांची होती.

तरीही या सगळ्याला ‘शोकांतिका’ म्हणायचं का, हा प्रश्न सुटलेला नव्हता. तो उघडपणे चव्हाट्यावर आला 1949 मध्ये.

विली लोमन: आठवड्याच्या पगारावर अडलेलं आयुष्य

10 फेब्रुवारी 1949. न्यूयॉर्कचं मोरॉस्को थिएटर. आर्थर मिलरच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ या नाटकाचा ब्रॉडवेवरचा पहिला प्रयोग. दिग्दर्शक इलिया कझान. मुख्य भूमिकेत ली जे. कॉब. विलीचं वय नाटकात 63 आहे, कॉब तेव्हा 37 वर्षांचा होता.

मिलरला हे जग घरातून ठाऊक होतं. त्याचा जन्म 1915 चा. वडिलांचा बायकांचे कोट बनवण्याचा चांगला चाललेला धंदा होता. 1929 च्या मंदीत तो बुडाला आणि कुटुंब ब्रुकलिनमधल्या लहान घरात आलं. त्याचा एक काका फिरता विक्रेता होता. त्याच्या बढाया आणि त्यामागची धास्ती मिलरने लहानपणी जवळून पाहिली होती.

नाटकाची गोष्ट साधी आहे. विली लोमन तीस-पस्तीस वर्षं एकाच कंपनीचा माल घेऊन गाडीने गावोगाव फिरतो आहे. आता गाडी चालवताना त्याचं भान सुटतं. कंपनीने पगार बंद करून त्याला नुसत्या कमिशनवर ठेवलं आहे. घराचा शेवटचा हप्ता, फ्रिजची दुरुस्ती, विम्याचा हप्ता अशी देणी दारात उभी आहेत. मोठा मुलगा बिफ शाळेत फुटबॉलचा हिरो होता, आता चौतिशीतही त्याला बूड नाही. विलीचा आयुष्यभराचा विश्वास एकच होता: माणूस चारचौघांत आवडता असला की यश चालत येतं.

नाटकातला एक प्रसंग हृदयाला घरं पाडतो. विली मालकाकडे जाऊन फिरतीऐवजी शहरातच काम द्या म्हणतो. मालक हॉवर्ड हा जुन्या मालकाचा मुलगा, विलीपेक्षा कितीतरी लहान. तो नवीन घेतलेल्या ध्वनिमुद्रण यंत्रावर पोराबाळांचे आवाज ऐकवण्यात दंग आहे. विली आठवड्याला 65 डॉलर मागतो. मग 50 वर येतो. मग 40 वर. शेवटी त्याची नोकरीच जाते. कुणी तलवार उपसत नाही, कुणी कट करत नाही. एक माणूस स्वतःची किंमत स्वतःच्या तोंडाने कमी करत जातो आणि समोरच्याचं लक्ष यंत्राकडे असतं.

यानंतर शेजारी चार्ली त्याला आठवड्याला 50 डॉलरची नोकरी देऊ करतो. विली नकार देतो. ‘उसने’ म्हणून तो चार्लीकडून पैसे घेत आला आहे, पण त्याच्या हाताखाली काम करायला तयार नाही. व्यवहारात हा शुद्ध वेडेपणा आहे. नाटकात मात्र विली इथेच सगळ्यात जास्त उघडा पडतो. पोटापेक्षा त्याला आपण कुणीतरी आहोत ही भावना जपायची आहे.

अखेरीस बिफ त्याला सांगतो की आपण दोघेही सामान्य माणसं आहोत, खोटं स्वप्न आता सोडून द्या. सांगता सांगता तो रडतो. विलीला त्यातून एवढंच उमगतं की पोराचं आपल्यावर प्रेम आहे. विम्याचे 20,000 डॉलर मुलाला मिळावेत म्हणून तो गाडी घेऊन मरायला निघतो. अंत्यविधीला घरची माणसं, चार्ली आणि त्याचा मुलगा, एवढेच. शेकडो लोक येतील असं विलीला वाटत होतं. बायको लिंडा कबरीपाशी सांगते की घराचा शेवटचा हप्ता आजच भरला. विम्याचे पैसे मिळाले का, हे नाटक सांगतच नाही.

नाटकाचे पहिल्या खेपेला 742 प्रयोग झाले. त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. पण समीक्षकांचा एक गट म्हणाला, नाटक हेलावून टाकणारं आहे खरं, पण ही शोकांतिका नव्हे. हा बापडा माणूस नायक कसा?

मिलरचं उत्तर

पहिल्या प्रयोगानंतर 17 दिवसांनी, 27 फेब्रुवारी 1949 ला ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये मिलरचा लेख आला. विषय होता शोकांतिका आणि सामान्य माणूस. साहित्याच्या अभ्यासक्रमांत तो आजही शिकवला जातो. त्यातले मुद्दे असे मांडता येतील.

एक: राजांच्या कथा जर फक्त राजांनाच लागू असत्या, तर सामान्य प्रेक्षकाला त्या कधीच भिडल्या नसत्या. इडिपसच्या नावाने मानसशास्त्रात जो गंड ओळखला जातो तो कुणालाही लागू होतो, तर मग शोकांतिका का नाही?

दोन: शोकांतिकेची भावना जागी होते ती पात्राच्या हुद्द्यामुळे नव्हे. जगात आपली जी जागा आहे, आपली जी प्रतिष्ठा आहे, ती राखण्यासाठी जो माणूस गरज पडली तर जीवही टाकायला तयार आहे, तो पाहताना ती जागी होते. ती जागा राजसिंहासनाची असो की घरातल्या कर्त्या माणसाची.

तीन: नायकाची ‘चूक’ म्हणजे प्रत्येक वेळी काही दुर्गुण असतो असं नाही. बहुतेक लोक अपमान गिळून गप्प बसतात. जो गप्प बसत नाही, तो मोडतो. गप्प न बसणं हाच त्याचा दोष.

चार: शोकांतिका निराशावादी नसते. लढणारा हरला तरी तो जिंकू शकला असता, अशी शक्यता तिथे जिवंत असावी लागते. ज्याला कधी संधीच नव्हती त्याच्याबद्दल नुसती कीव येते.

या चौथ्या मुद्द्यावरच पुढची अख्खी भांडणं उभी आहेत.

‘हे दुःखद आहे, शोकांतिका नव्हे’

विरोधी बाजूही कच्ची नाही. अमेरिकन समीक्षक जोसेफ वुड क्रच याने मिलरच्या आधी वीस वर्षं, 1929 मध्येच म्हटलं होतं की आधुनिक माणसाचा स्वतःच्या थोरपणावरचा विश्वासच उडाला आहे. आपण विश्वाच्या दृष्टीने क्षुल्लक आहोत असं ज्याला वाटतं, त्याला शोकांतिका लिहिता येणार नाही.

1961 मध्ये जॉर्ज स्टायनरचं ‘द डेथ ऑफ ट्रॅजेडी’ हे पुस्तक आलं. त्याचा रोख वेगळा होता. खऱ्या शोकांतिकेतलं संकट कोणत्याही सुधारणेने टळणारं नसतं. इडिपसला चांगला कायदा किंवा चांगला सरकारी दवाखाना वाचवू शकला नसता. आधुनिक नाटकातली बरीच दुःखं मात्र व्यवस्था बदलली तर सुटू शकतात. विलीला निवृत्तिवेतन असतं तर? हा प्रश्न विचारता येतो, हीच त्या दुःखाची मर्यादा, असा या बाजूचा सूर.

याला तितकंच जोरकस उत्तर दिलं ब्रिटिश विचारवंत रेमंड विल्यम्स याने, 1966 च्या ‘मॉडर्न ट्रॅजेडी’ या पुस्तकात. त्याचे वडील वेल्समध्ये रेल्वेचे सिग्नलमन होते. त्याचं म्हणणं होतं की खाणीतला अपघात, मोडलेली नोकरी, रस्त्यावरचं मरण यांना लोक रोजच्या बोलण्यात शोकांतिका म्हणतात आणि पंडित त्यांना चुकीचे ठरवतात. पंडितांच्या या व्याख्येतच एक भेद दडलेला आहे: काही माणसांच्या मरणाला अर्थ असतो, बाकीच्यांचं मरण हा नुसता अपघात. दुःख टाळता आलं असतं म्हणून ते लहान होत नाही. उलट टाळता येण्यासारखं असूनही ते टाळलं गेलं नाही, ही गोष्ट ते आणखी भीषण करते.

तिसरा आक्षेप विलीबद्दलच आहे. इडिपसला शेवटी सत्य कळतं. विली तर भ्रमातच मरतो. मिलरच्या बाजूने याचं उत्तर असं देता येतं की सत्य कळण्याचं काम नाटकात बिफ करतो आणि प्रेक्षकगृहात आपण. तरी हा आक्षेप पूर्ण मिटत नाही आणि ते बरंच आहे. विलीने शिकायला हवं होतं असं वाटत राहणं, हीच प्रेक्षकाची चुटपुट असते.

बळी आणि नायक: फरक कुठे?

या सगळ्या वादातून साध्या वाचकाच्या हाती एक उपयोगी फरक येतो. ज्याच्यावर दुःख कोसळतं तो बळी. दुःखाला सामोरं जाताना जो काहीतरी निवडतो आणि त्या निवडीची किंमत मोजतो, तो नायक. निवड चुकीची असू शकते. विलीची चुकीचीच होती. पण ती त्याची होती.

‘ओव्हरकोट’मधला कारकून या रेषेच्या बळीच्या बाजूला अधिक झुकतो. वॉयझेक रेषेवर उभा आहे: त्याला इतकं पिळून काढलं आहे की खून ही त्याची निवड म्हणावी का, हाच नाटकाचा प्रश्न होतो.

प्रेमचंदांच्या ‘गोदान’ (1936) या हिंदी कादंबरीतला होरी मात्र स्पष्टपणे नायकाच्या बाजूला आहे. हा कर्जबाजारी शेतकरी. दारात एक गाय असावी, एवढीच त्याची इच्छा. गाय येते आणि सख्खा भाऊ तिला विष घालतो. होरीला ते ठाऊक असूनही तो भावाची अब्रू झाकतो. मुलाने नादी लावलेल्या, दिवस गेलेल्या मुलीला घरात आसरा देतो आणि त्यासाठी पंचांचा दंड भरतो. प्रत्येक वेळी सोपा मार्ग समोर असतो. प्रत्येक वेळी तो ‘मरजाद’ जपतो आणि आणखी कर्जात जातो. शेवटी उन्हातान्हात खडी खणण्याच्या मजुरीवर तो कोसळतो. गोदानासाठी गाय कुठून आणणार? बायको धनिया सुतळी विकून आलेले वीस आणे होरीच्या थंड पडलेल्या हातावर ठेवते.

होरी आणि विली यांची भाषा, देश, धर्म, धंदा काहीच जुळत नाही. पण एकाची मरजाद आणि दुसऱ्याचं ‘आवडतं असणं’ या एकाच जातीच्या गोष्टी आहेत. पोट भरत नसतानाही माणूस जी सोडत नाही, ती गोष्ट. विलीचं स्वप्न पोकळ होतं आणि होरीची मरजाद त्यालाच पिळणाऱ्या समाजाने घडवलेली होती, हेही खरं. आधुनिक शोकांतिकेत देव आणि शापाच्या जागी बरेचदा हेच बसलेलं दिसतं: समाजाने शिकवलेली एक निष्ठा, जी माणूस स्वतःची समजून शेवटपर्यंत पाळतो.

मराठीत काय घडलं?

मराठीत शोकांतिका आली ती शेक्सपिअरच्या हाताला धरून. आगरकरांनी ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ (1883) केलं, देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ (1890). म्हणजे सुरुवात राजपुत्र आणि सेनापतींपासूनच झाली.

पण 1919 मध्ये रंगमंचावर आलेल्या राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चा नायक सुधाकर हा हुशार, तापट वकील आहे. विली लोमनच्या तीस वर्षं आधी! त्याच्या पतनाची सुरुवातही अपमानातून होते. कोर्टात खटका उडतो, वकिलीची सनद काही काळ काढून घेतली जाते आणि तो जळफळाट विसरायला तळीराम त्याच्या हातात पेला देतो. पुढे दारू सोडून तो काम मागायला जातो, तेव्हा प्रतिष्ठितांकडून पुन्हा हेटाळणी वाट्याला येते आणि पेला परत हातात येतो. नाटक दारूबंदीच्या प्रचारापुरतं वाचलं तर हा धागा निसटतो. दारू हे साधन आहे, मूळ जखम मानभंगाची आहे.

या नाटकाने आणखी एक प्रश्न उभा करून ठेवला आहे. प्रेक्षकांचे डोळे भरतात ते सुधाकरापेक्षा सिंधूसाठी. दुसऱ्यांचं दळण दळून संसार ओढणारी, माहेरची मदत न घेणारी सिंधू ही नुसती बळी आहे का? न्यूयॉर्कची लिंडा लोमनही अशीच मोजे शिवत, हप्त्यांचा हिशेब लावत बसलेली आहे. ‘सामान्य माणूस’ म्हणताना मिलरच्या आणि गडकऱ्यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः पुरुष होता. इब्सेनच्या नोराला आणि हार्डीच्या टेसला जी मधली जागा मिळाली, ती या दोघींना मिळाली नाही, ही टीका आज होते आणि ती रास्त आहे.

1970 मध्ये वि. वा. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ आलं. बीज शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’चं. तिथे राजा मुलींमध्ये राज्य वाटतो, इथे निवृत्त नट गणपतराव बेलवलकर मुलगा आणि मुलगी यांच्यात आयुष्याची कमाई वाटून मोकळा होतो. राज्याच्या जागी शिल्लक आली, वादळी माळरानाच्या जागी शहरातला फुटपाथ आला. राजाची शोकांतिका भाड्याने राहणाऱ्या प्रेक्षकाच्या घरात कशी शिरते, याचं याहून सरळ उदाहरण मराठीत सापडणार नाही. डॉ. श्रीराम लागूंनी ही भूमिका गाजवली. 2016 च्या सिनेमात ती नाना पाटेकरांनी केली, तेव्हाही लोक थिएटरमधून बाहेर पडताना शेक्सपिअरबद्दल बोलत नव्हते, आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांबद्दल बोलत होते.

आणि अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा. वारणेकाठचा धिप्पाड भीमा पोटासाठी मुंबईला येतो, खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. मग तो स्मशानातली राख चाळून मेलेल्यांच्या अंगावरचं सोनं शोधू लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंजून तो प्रेत मिळवतो, पण त्याची बोटं प्रेताच्या जबड्यात अडकतात आणि ती गमवावी लागतात. तेवढ्यात कळतं की खाण पुन्हा सुरू होते आहे. पहाड फोडणारे हात आता निकामी आहेत. दैवाचा फेरा, उशिरा आलेली बातमी, नायकाला झालेली जाणीव, हे सगळं अ‍ॅरिस्टॉटलच्या यादीत आहे. फक्त नायक स्मशानात राख चाळणारा मजूर आहे.

आजही हे वाचायचं कशासाठी?

1983 मध्ये आर्थर मिलर स्वतः बीजिंगला गेला आणि तिथल्या चिनी नटांना घेऊन त्याने ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ बसवलं. भाषांतर आणि विलीची भूमिका दोन्ही यिंग रुओचेंग यांची. त्या वेळच्या चीनमध्ये फिरते विक्रेते नव्हते, आयुर्विमा ओळखीचा नव्हता. लोकांना हे कळेल का, अशी धास्ती होती. पण मुलाने काहीतरी व्हावं म्हणून झुरणारा बाप त्यांना परका नव्हता. 2016 मध्ये इराणच्या असगर फरहादी यांनी ‘द सेल्समन’ सिनेमात तेहरानमधलं एक जोडपं हेच नाटक करताना दाखवलं. त्यालाही ऑस्कर मिळालं.

सोशल मीडियावर रोज दुःखाच्या कितीतरी गोष्टी डोळ्यांखालून जातात. त्यातल्या बहुतेकांना आकडा असतो, फोटो असतो, दोन दिवसांचं आयुष्य असतं. त्या माणसाने काय निवडलं होतं, कशाला नकार दिला होता, कोणती गोष्ट त्याने शेवटपर्यंत हातची सोडली नाही, हे त्या पोस्टमध्ये नसतं. ते नसलं की माणूस फक्त बळी उरतो. आपण हळहळतो आणि पुढे सरकतो.

शोकांतिका लिहिणारा लेखक तेवढंच करतो: पुढे सरकू देत नाही. चाळीस डॉलरवर आलेल्या माणसासमोर, वीस आण्यांच्या गोदानासमोर आपल्याला दोन-अडीच तास बसवतो. पूर्वी एवढा वेळ फक्त राजांसाठी राखीव होता. पुढच्या वेळी एखाद्या बातमीवर ‘केवढी ही शोकांतिका’ असं लिहिताना त्या माणसाने काय जपायचा प्रयत्न केला होता, एवढं शोधून पाहिलं तर तो शब्द नुसता सुस्कारा राहणार नाही.